एक्केचाळीस वेळा कुपूल

प्रकाशनाच्या कचेरीत त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण भिंगबाईंना ते पक्कं ठाऊक होतं, कारण आपल्या पाठीमागे कोण काय बोलतं याचा छडा लावल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. एकतीस वर्षं त्या तिथे पुस्तकांची प्रुफं तपासत होत्या. छापखान्यात जाण्याआधी पान न् पान वाचायचं, चूक दिसली की तिच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करायचा आणि समासात दुरुस्ती लिहायची. बारीक अक्षरांसाठी हाताशी एक गोल भिंग असायचं, त्यावरून हे नाव पडलं.

या कामात पहिली अट अशी की कुणावरही विश्वास ठेवायचा नाही. लेखकाने लिहिलंय, संपादकाने पाहिलंय, तरी चूक असणारच, असं धरून वाचायला बसायचं. आता हा स्वभाव नोकरीमुळे आला की स्वभावामुळे नोकरी टिकली, ते देव जाणे. औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशी तीनदा ताडून बघत. दूध उतू गेलं तर आधी शेगडीवर संशय, मग पातेल्यावर, मग दूधवाल्यावर. स्वतःपर्यंत तो कधी पोचला नाही.

लग्नाचंही असंच झालं. सव्विसाव्या वर्षी एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या काकांनी पत्रात लिहिलं, 'मुलगा निर्वसनी आहे.' निर्व्यसनी म्हणायचं होतं बिचाऱ्यांना. बाईंनी पत्राला लाल गोल करून परत पाठवलं आणि खाली लिहिलं, 'वसन म्हणजे वस्त्र. मुलगा वस्त्राशिवाय हिंडत असल्यास कळवावे.' त्या घरून पुन्हा पत्र आलं नाही. आई चार दिवस बोलली नव्हती, आणि मग एकटी असताना खूप हसली होती.

आता बाई सत्तावन्नच्या आणि आई अठ्ठ्याहत्तरची. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघीच राहत. बाबा जाऊन जमाना झाला. धाकटी बहीण दुसऱ्या गावात केस कापायचं दुकान चालवायची. दर रविवारी सकाळी अकराला तिला फोन व्हायचा. भांडण असं नव्हतं, पण माया पातळ होत चालली होती. धाकटी म्हणायची, "काल मी तिला बोलली..." आणि ताई मध्येच म्हणायची, "बोलली नाही गं, बोलले." मग धाकटी म्हणायची, "बरं, आईला दे." रविवारचा तो फोन हाच काय तो धागा उरला होता, आणि तो तुटला तर आईनंतर आपलं असं जगात कुणी नाही, हे भिंगबाईंना एरवी कबूल नसलं तरी कळत होतं.

तर एका सोमवारी मालकांनी त्यांच्या टेबलावर एक गठ्ठा आणून ठेवला.

"किशोरांसाठी कादंबरी आहे. जुनी लोककथा नव्याने सांगितलीय. तीनशे बारा पानं. शनिवारी चारपर्यंत तुमची सही हवी बाई, सोमवारी छपाईला जाणार."

"लोककथा, आणि तीनशे बारा पानं?" भिंगबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लोककथा दीड पानात संपते. उरलेली कुणाची उचललीत?"

"अहो, वाचा तरी आधी," असं म्हणून मालक सटकले. मालक चांगले होते, पण बाईंसमोर फार वेळ उभं राहायला ते घाबरत. एकदा बाईंनी सांगितलं म्हणून त्यांनी छापून झालेलं आख्खं पुस्तक रद्दीत घातलं होतं. ते चोरीचं निघालं, म्हणून अब्रू वाचली. तेव्हापासून बाईंच्या सहीशिवाय यंत्र फिरत नसे.

गोष्ट ओळखीचीच होती. सात भावांना राक्षसाने सात दारांआड कोंडून ठेवलेलं असतं आणि एकुलती एक बहीण त्यांना सोडवायला निघते. कुणी सांगतं, किल्ली माशाच्या पोटात. कुणी सांगतं, राक्षसाच्या जटेत. बाई वाचत गेल्या. भाषा साधी होती, वेलांट्याही बऱ्यापैकी जागेवर होत्या. एकोणिसाव्या पानावर बहीण पहिल्या दारापाशी पोचली. 'दाराला भलंमोठं कुपूल होतं.'

अक्षरांची अदलाबदल. बाईंनी गोल केला, समासात 'कुलूप' लिहिलं आणि पुढे गेल्या. बाविसाव्या पानावर पुन्हा कुपूल. पुन्हा गोल. सत्ताविसाव्या पानावर 'कुपुलाला' आलं, आणि पेन्सिल अडली. मूळ शब्दातला दीर्घ पू प्रत्यय लागताच ऱ्हस्व झाला होता, अगदी नियमाने. घाईत घसरलेल्या शब्दाला कुणी इतक्या निगुतीने प्रत्यय लावत नाही. म्हणजे हा शब्द मुद्दाम लिहिलेला होता.

आणि पुढची ओळ होती: 'कुपुलाला किल्ली नसते. आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्याच्या कानात सांगितली, तरच ते उघडतं.'

भिंगबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मनात पाल चुकचुकली, आणि नुसती चुकचुकली नाही, चांगली भिंतभर फिरली.

कारण ही किल्ली ना माशाच्या पोटातली, ना जटेतली. ही त्यांच्या आईची गोष्ट होती. साऱ्या जगात कुलूप असतं, कुपूल फक्त त्यांच्या घरात होतं. धाकटीला लहानपणी कुलूप म्हणता येत नसे, ती कुपूल म्हणायची, आणि आईने ते उचलून गोष्टीत घातलं होतं. ताईने त्यावरून धाकटीला किती चिडवलं होतं! शाळेत जातानासुद्धा, "कुपूल लावलंस का गं?" हा शब्द चार माणसांना माहीत होता. त्यातले बाबा गेले. आई घराबाहेर पडते ती फक्त गुडघ्याच्या व्यायामाला. स्वतः बाईंनी तो कुणाला सांगितला असता तर त्यांना आधी जीभ चावावी लागली असती. राहिली कोण?

पण भिंगबाई एका संशयितावर थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी दिवस संपायच्या आत गठ्ठा वाचून काढला. दर दाराशी बहीण कुपुलाच्या कानात एक एक गुपित सांगत होती. सगळे मिळून कुपूल एक्केचाळीस वेळा आलं होतं. एक्केचाळीसही ठिकाणी त्यांनी लाल गोल केला, शेवटचे काही तर कागद फाटेल इतक्या जोराने. मग त्या मालकांच्या खोलीत गेल्या.

"लेखक कोण?"

"मुखपृष्ठावर आहे की. एक पोस्टमास्तर."

"हे नाव झालं?"

"तेवढंच हवंय म्हणाले. निवृत्त आहेत."

"आणि खाली बारीक अक्षरांत 'ऐकून लिहिली' असं आहे. कुणाकडून ऐकली?"

"ते मी विचारलं नाही."

"पत्ता?"

मालकांनी खणातून पाकीट काढलं. पत्त्याच्या जागी टपालपेटीचा क्रमांक. जन्मभर लोकांचे पत्ते शोधत फिरलेला माणूस आणि स्वतःचा पत्ता देत नाही! कुठेतरी पाणी मुरत होतं. आत चार ओळींचं पत्र होतं. शेवटची ओळ अशी: 'प्रुफं आपल्याकडच्या जुन्या बाईंनीच तपासावीत, दुसऱ्या कुणाकडे देऊ नयेत, ही विनंती.'

"ही ओळ तुम्ही मला दाखवली नाहीत," बाई म्हणाल्या.

"तुमचा लौकिक ऐकला असेल कुणाकडून."

"चोर पोलिसाचा पत्ता विचारतो तो लौकिक ऐकून नाही." बाईंनी पाकीट परत केलं. "ही गोष्ट माझ्या आईची आहे. कुणी पळवली ते शनिवारपर्यंत कळलं नाही, तर माझी सही मिळणार नाही."

मालकांनी पाण्याचा आख्खा पेला संपवला.

मंगळवार त्यांनी कसाबसा काढला. बुधवारी दुपारी, रविवारची वाट न बघता, धाकटीला फोन लावला.

"ताई? आज कसा काय? आई बरी आहे ना?"

"आईला काय धाड भरलीय. तू मला सांग, आईची गोष्ट कुणाला सांगितलीस?"

"कुठली गोष्ट?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. सात दारांची. कुपूल. दिवसभर दुकानात तुझी कात्री आणि जीभ बरोबर चालतात. कुणीतरी गिऱ्हाईक बसलं असेल खुर्चीत, दिली असशील सांगून. त्याने पुस्तक केलंय त्याचं. तीनशे बारा पानं!"

"मी कुणाला काही सांगितलं नाही."

"मग शब्द काय उडत गेला? शब्द तुझा आहे!"

पलीकडे केस वाळवायचं यंत्र घरघरत होतं. ते बंद झालं.

"ताई, तू मला कधी काही विचारतच नाहीस," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "विचारायचं सोडून थेट लाल गोल करतेस. पन्नास वर्षं करतेयस. आता पुरे. पुन्हा फोन करू नकोस. रविवारीही नको. आईशी मी बोलेन, आईच्या फोनवर."

फोन बंद झाला. भिंगबाई म्हणाल्या, "खाई त्याला खवखवे." पण ते त्यांनी रिकाम्या खोलीत म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर बराच वेळ हातातला फोन खाली ठेवला नाही. वाईट वाटत होतं. त्याचाही त्यांना राग आला.

आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. दोन खोल्या, एक शेगडी आणि एक गोष्ट, एवढीच तिची मिळकत. त्यातली गोष्ट चोरीला गेली हे कळलं तर ती खचेल. तरी शुक्रवारी भाजी निवडताना राहवेना.

"आई, तुझी ती सात भावांची गोष्ट तू अलीकडे कुणाला सांगितली होतीस का गं?"

"मी? मला कुठलं आठवायला ते आता," आई म्हणाली आणि चष्मा काढून पुसायला लागली.

चष्मा स्वच्छ होता. भिंगबाईंनी तो सकाळीच पुसून ठेवला होता.

झालं! संशयाला नवी वाट मिळाली. मग एकेक गोष्ट आपोआप समोर येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी आईला व्यायाम सांगितला तो तीन महिन्यांसाठी. आई जात होती त्याला दीड वर्ष झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी दहाला. गुडघा तर केव्हाच बरा झाला होता, तीन मजले ती न थांबता चढत होती. आणि व्यायामाला जाताना कुणी इस्त्रीचे कपडे घालतं? तोंडाला पावडर लावतं? आरशात बघून केसांवरून दोनदा हात फिरवतं? भिंगबाईंच्या हातातली भाजीची काडी तशीच राहिली. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष, आणि कुणीतरी पोस्टमास्तर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यांना स्वतःच्याच विचाराची लाज वाटली, पण म्हणून तो विचार गेला नाही.

शनिवारी आई जिना उतरली आणि भिंगबाई तिच्या मागे वीस पावलांवर निघाल्या. आई झपाझप चालत होती. काठी तिने काखेत धरली होती.

व्यायामाचं केंद्र म्हणजे तळमजल्यावरचा एक लांब दालनवजा हॉल. सहा खाटा, प्रत्येकीला हिरवा पडदा, भिंतीला शिडीसारखे लाकडी दांडे, छताला टांगलेल्या दोऱ्या आणि सगळीकडे मलमाचा वास. भिंगबाई हळूच आत शिरल्या आणि दाराजवळच्या रिकाम्या खाटेच्या पडद्याआड उभ्या राहिल्या. फटीतून दिसत होतं. तिसऱ्या खाटेवर गुडघ्यावर शेकाची पिशवी ठेवून आई बसली होती. शेजारच्या खाटेवर एक टक्कल पडलेले गृहस्थ, एक हात दोरीने वर बांधलेला. पलीकडे मानेला पट्टा लावलेली एक बाई, पाय वजनाला टांगलेला एक ट्रकचालक, आणि व्यायाम शिकवणारी मुलगी. सगळे आईकडे बघत होते. आई गोष्ट सांगत होती.

भिंगबाईंच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते वेगळंच. घरी बोलताना आई वाक्याच्या मध्ये अडखळायची, समोर बघायची, शब्द बरोबर आहे ना म्हणून. हे वय झाल्यामुळे, असं बाई धरून चालल्या होत्या. इथे आई कुठेच अडखळत नव्हती. हात हलवत होती, राक्षसाचा आवाज काढत होती, आणि राक्षस घोरायला लागला तेव्हा मानेला पट्टा लावलेली बाई पट्ट्यासकट हसली. ही आई भिंगबाईंनी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. 

"मग बहीण तिसऱ्या दारापाशी आली," आई सांगत होती. "कान लावला. आत कण्हत होता तो तिसरा भाऊ, एका डोळ्याचा..."

"दुसरा!" पडद्याआडून आवाज आला. "एका डोळ्याचा दुसरा भाऊ होता, तिसरा नाही!"

शब्द तोंडातून सुटला आणि मग भिंगबाईंना कळलं की तो आपलाच होता. हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या, पट्टा लावलेली सोडून.

आईने मात्र मान वळवली नाही. "आली बघा," ती शेजारच्या गृहस्थांना म्हणाली. "मगाशीच पडद्याखाली चपला दिसल्या होत्या. म्हटलं, हाक मारून येणार नाही ही. मुद्दाम तिसरा म्हटलं. चूक केली की येतेच."

दोरीला बांधलेल्या गृहस्थांनी मोकळ्या हाताने नमस्कार केला. "मीच पोस्टमास्तर. उठून उभं राहता येत नाही, माफ करा. अजून आठ मिनिटं बांधलेला आहे."

"बांधूनच ठेवायला हवं तुम्हाला," भिंगबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या बाईच्या तोंडची गोष्ट..."

"एय," आई म्हणाली. "त्यांना काही बोलू नकोस. पहिल्या दिवशी दोरी ओढली तर इतके ओरडले की मला राहवेना. म्हटलं, ओरडू नका, गोष्ट सांगते. ती सांगता सांगता वर्ष गेलं. हे घरी जाऊन लिहून काढायचे. नाव माझं घालणार म्हणत होते, मीच नको म्हटलं. गोष्ट काय माझी आहे? माझ्या आईने सांगितलेली. कुपूल तेवढं आपलं."

"आणि टपालपेटी? आणि जुन्या बाईंनीच तपासावं, ही ओळ?"

पोस्टमास्तरांनी आईकडे बघितलं.

"दोन्ही मीच घालायला लावलं," आई म्हणाली. तिने शेकाची पिशवी गुडघ्यावरून काढून बाजूला ठेवली. "अगं, घरात ही गोष्ट तू कधी ऐकून घेतलीस? शेवटची सांगायला बसले होते तेव्हा पहिल्या दारापर्यंत अकरा वेळा टोकलंस. घुसली नाही, शिरली म्हण. पलंग नाही, बाज म्हण. तेव्हा मी कुपूल लावलं तोंडाला. इथे बरं असतं, माणसं पट्ट्यांनी बांधलेली असतात, उठून जात नाहीत, टोकत नाहीत. मग म्हटलं, कचेरीचं काम म्हणून आलं तर तरी वाचशील शेवटपर्यंत. वाचलीस?"

"वाचली," भिंगबाई म्हणाल्या.

"आवडली?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. चुका किती, एवढंच विचारत. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"आई, मी धाकटीला नाही नाही ते बोलले. तिनेच शब्द बाहेर दिला म्हणून. फोन करू नकोस म्हणाली मला."

"तिचा काय संबंध?"

"शब्द तिचा ना. कुपूल."

"तिचा? अगं, ती तेव्हा जन्माला तरी आली होती का? तू अडीच वर्षांची होतीस. बंद दाराशी उभी राहून मुठी आपटायचीस, कुपूल काढ, कुपूल काढ. तुझे बाबा कामावरून येऊन आधी ते ऐकायचे आणि मग चपला काढायचे."

"मी?"

"तू. सात वर्षांची झालीस तेव्हा सांगितलं तुला, तर रडून घर डोक्यावर घेतलंस. मी असं चुकीचं म्हणणारच नाही, म्हणालीस. दोन दिवस जेवली नाहीस. शेवटी म्हटलं, बरं बाई, तुझं नाही, धाकटीचं. ती होती तीन वर्षांची, तिला काय कळतंय. तेव्हापासून ते तिच्या नावावर."

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने पोस्टमास्तरांचा हात सोडला. ते हळूहळू खांदा चोळत राहिले आणि दुसरीकडे बघत राहिले. भले गृहस्थ होते.

भिंगबाई तिथून थेट कचेरीत गेल्या. खूण केली आणि मग ती चूक नव्हती असं कळलं, तर त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात 'कायम' लिहायचं, अशी या धंद्यातली रीत. एकतीस वर्षांत बाईंनी ती फार तर चार वेळा वापरली असेल. त्या दुपारी त्यांनी ती एक्केचाळीस वेळा वापरली. मालक दोनदा दारात डोकावून गेले. तिसऱ्यांदा आत आले.

"बाई, बरं वाटत नाही का? आणि त्या चोरीचं काय झालं?"

"चोरी नाही. घरचाच माल आहे," बाई म्हणाल्या आणि चारला दहा मिनिटं कमी असताना सही केली.

खरं काम पुढेच होतं. संध्याकाळी त्यांनी आईसमोर खुर्चीत बसून धाकटीला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला, आणि बोलायच्या आतच पलीकडून आवाज आला.

"काय झालं आईला?"

"काही नाही. आई बरी आहे."

"मी फोन करू नकोस म्हटलं होतं. तरी तीनदा केलास. कुठल्या दवाखान्यात आहे? खरं सांग."

"अगं, दवाखाना वगैरे काही नाही. मी चुकले. तेवढं सांगायला फोन केला."

"काय?"

"मी चुकले, म्हटलं. बुधवारी जे बोलले ते सगळं चूक होतं."

मग धाकटी मोठ्याने रडायलाच लागली. मागे कुणीतरी गिऱ्हाईक घाबरून विचारत होतं, काय झालं, काय झालं. "गेली ना?" धाकटी म्हणाली. "आई गेली ना? तू असं कधीच बोलत नाहीस, ताई. सरळ सांग ना गं."

आईनेच हात पुढे करून फोन घेतला.

"अगं, जिवंत आहे मी. चहा पितेय. तुझी ताई चुकले म्हणतेय ते खरंच म्हणतेय, मी साक्षीला बसलेय इथे. ऐकून घे तिचं." आणि फोन परत दिला.

भिंगबाईंनी फोन कानाला लावला. "कुपूल तुझा शब्द नव्हता. माझा होता. आज कळलं मला."

"हो," धाकटी नाक ओढत म्हणाली. "मला माहीत होतं."

"माहीत होतं? कधीपासून?"

"मी दहाची असेन. आईने सांगितलं होतं."

"आणि मी तुला त्यावरून चिडवायचे! शाळेपर्यंत चिडवायचे. गप्प का बसलीस गं?"

धाकटीने गिऱ्हाइकाला, "दोन मिनिटं हं," असं म्हटलेलं ऐकू आलं.

"तुला तो नको होता ना, ताई," ती म्हणाली. "मला आवडायचा. म्हणून मी ठेवून घेतला."